यंत्रचालक मोटारींच्या केबलींची निवड : एका गिरणीच्या वहीवरून केलेला विचार

मुंबईंतील एका बंद पडलेल्या कापडगिरणीचे जुने कागद रद्दीच्या दरानें विकले गेले. त्यांतील एक लहानसें गाठोडें कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या हातीं आलें. गाठोड्यांत हजेरीपट, कोठारांतील सामानाच्या याद्या व कापडी बांधणीची एक लांबट वही होती. वहीचीं पहिलीं आठ पानें फाटलेलीं असून शेवटचीं वाळवीनें खाल्लीं आहेत. मधल्या पानांवर मराठी व इंग्रजी अक्षरांची सरमिसळ असून प्रत्येक ओळींत आरंभीं एक अंक, त्यापुढें फुटांचें अंतर, आणि शेवटीं '१९/.०६४', '१९/.०८३', '३७/.०८३' अशा अपूर्णांकासारख्या आकृति मांडलेल्या आहेत. ज्या संग्राहकाकडून ही वही आम्हांस मिळाली त्याच्या यादींत तिची नोंद 'सुताच्या भावाचा हिशोब' अशी होती. आम्हींही प्रथम तसेंच मानलें. इतकेंच नव्हे, तर १९ व ३७ हे सुताचे नंबर असावेत व पुढील दशांश हा दर असावा, असें अनुमान करून तें आम्हीं एका बैठकींत बोलूनही दाखविलें. तें सर्वथा चूक होतें. ती चूक आपल्या हातानें दुरुस्त करावी व त्या निमित्तानें अशा कागदांच्या वाचनास उपयोगी पडेल अशी थोडी सामग्री वाचकांपुढें ठेवावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

कोणी म्हणेल कीं, कारखान्यांतील मोटारीस कोणती केबल जोडावी हा प्रश्न मिस्त्रीचा आहे, इतिहाससंशोधकाचा नव्हे. आमचें म्हणणें असें कीं, ज्या कारणानें आपण गडावरील तोफेच्या गोळ्याचें वजन मोजतों व देवळाच्या चुन्यांतील घटक तपासतों, त्याच कारणानें गिरणीच्या केबलीची जाडीही पाहिली पाहिजे. दीड शतकभर मुंबई इलाख्यांतील लक्षावधि माणसांचें पोट ज्या यंत्रांवर चाललें, त्या यंत्रांचे कागद वाचतां न येणें ही संशोधकास भूषणाची गोष्ट नव्हे.

१. अपूर्णांकाचा उलगडा

'१९/.०८३' हा अपूर्णांक नाहीं. तिरप्या रेघेच्या आधीचा अंक केबलीच्या एका गाभ्यांत तांब्याच्या किती तारा वळलेल्या आहेत तें सांगतो, व पुढील दशांश त्या प्रत्येक तारेचा व्यास इंचांत देतो. ब्रिटिश परिपाठांतील केबली याच रीतीनें ओळखल्या जात. एका तारेच्या वर्तुळाचें क्षेत्रफळ काढून त्यास १९ नें गुणिलें असतां उत्तर सुमारें एकदशांश चौरस इंच येतें, ३७/.०८३ चें त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि १९/.०६४ चें सुमारें ०.०६ चौरस इंच. १९ व ३७ हे अंकही स्वैर नव्हेत. एका तारेभोंवतीं तितक्याच जाडीच्या सहा तारा नेमक्या बसतात, त्यांच्याभोंवतीं बारा, त्यांच्याभोंवतीं अठरा. म्हणून बेरीज अनुक्रमें ७, १९, ३७, ६१ अशी वाढत जाते. सुताचे नंबर २०, ३०, ४० असे कोणतेही असूं शकतात. परंतु वहींत तिरप्या रेघेआधीं ७, १९ व ३७ यांवांचून दुसरा अंकच नाहीं, ही गोष्ट पहिल्याच दिवशीं आमच्या डोळ्यांस दिसावयास हवी होती.

संस्कृतांत 'गुण' या शब्दाचा एक अर्थ दोरीचा पदर असा आहे, व दुसरा अर्थ वस्तूचा धर्म असा सर्वांस परिचित आहे. केबलीच्या बाबतींत हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. पदर किती, यावरून ती किती भार वाहील हें ठरतें. एकाच जाड कांबीऐवजीं अनेक पदर वळण्याचें कारण मात्र साधें आहे : कांब वळत नाहीं, दोर वळतो.

वहीच्या ओळींतील पहिला अंक हा मोटारीची अश्वशक्ति होय, हें एकदां ध्यानांत आल्यावर उरलेला मजकूर आपोआप उलगडला. 'पे. ले.' म्हणजे पेपर-लेड, अर्थात् कागदाच्या वेष्टनावर शिशाचें आवरण असलेली केबल. 'आ.' म्हणजे आर्मर, पोलादी तारांचें वा पट्टीचें चिलखत. वही सुताच्या हिशोबाची नसून मोटारी व त्यांच्या केबलींची आहे.

२. दोराच्या जागीं केबल

विजेपूर्वीं गिरणी एका एंजिनावर चाले. वाफेच्या एंजिनाच्या प्रचंड चाकावर खांचा असत. त्या खांचांतून सुती दोर निघून प्रत्येक मजल्यावरील लांब दांड्यास फिरवीत, व त्या दांड्यावरून चामडी पट्टे एकेका यंत्राकडे जात. या दोरांसाठीं इमारतींत तळापासून वरपर्यंत एक उभी पोकळी ठेवलेली असे. एंजिन थांबलें कीं सारी गिरणी थांबे, आणि एक खातें चालवावयाचें तरी सर्व दांडे व पट्टे फिरविण्याचा खर्च माथीं येई.

हा क्रम बदलण्यास मुंबईंत मुख्य कारण झाला तो टाटांचा जलविद्युत् उपक्रम. जमशेटजी टाटा १९०४ मध्यें वारले. त्यांच्या मागें १९१० मध्यें टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनीची स्थापना झाली. ८ फेब्रुवारी १९११ रोजीं लोणावळ्यास कोनशिला बसली, आणि १९१५ च्या फेब्रुवारींत खोपोलीचें वीजघर सुरू झालें. वळवण, शिरवटा व लोणावळा येथील तलावांचें पाणी सुमारें सतराशें फूट खालीं आणून वीज निर्माण करावयाची, एक लक्ष व्होल्टांच्या दाबानें ती उघड्या तारांवरून परळपर्यंत न्यावयाची, व तेथें दाब उतरवून जमिनींत पुरलेल्या केबलींनीं गिरण्यांस पुरवावयाची, अशी ती योजना होती. पुढें आंध्र व्हॅली कंपनीचें भिवपुरी येथील वीजघर १९२२ मध्यें, व भिऱ्याचें १९२७ मध्यें चालू झालें.

या इतिहासांत धरण व वीजघर यांचें वर्णन सर्वत्र आढळतें. परळपासून गिरणीच्या फाटकापर्यंत व फाटकापासून मोटारीपर्यंत वीज कशी गेली, याविषयीं मात्र फारसें लिहिलेलें नाहीं. आमच्या वहीचें मोल याच ठिकाणीं आहे. आरंभीं एका मोठ्या मोटारीनें जुनाच दांडा फिरवावयाचा अशी रीत होती. पुढें दर खात्यास व अखेर दर यंत्रास स्वतंत्र मोटार आली. जसजशा मोटारी लहान व पुष्कळ होत गेल्या, तसतशी केबलींची संख्या वाढली, आणि कोणत्या मोटारीस कोणती केबल, हें लिहून ठेवण्याची गरज उत्पन्न झाली. आमची वही त्या गरजेपोटीं जन्मास आली आहे.

३. उष्णता, अंतर व पैसा

वहींतील दोन ओळी आम्हांस प्रथम कोड्यांत टाकणाऱ्या वाटल्या. दोन्ही मोटारी ५० अश्वशक्तीच्या. एकीचें अंतर ८० फूट असून तिला १९/.०६४ ची केबल दिली आहे. दुसरीचें अंतर ६२० फूट, तिला १९/.०८३ ची. काम सारखें असतां तांबें कमीजास्त कां ?

मोटार जितका प्रवाह ओढते तितकी केबल तापते, हा पहिला नियम. ४०० व्होल्टांचा त्रिकल पुरवठा धरल्यास ५० अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर सुमारें ७० अँपिअर घेते. एवढा प्रवाह दोन्ही केबली न तापतां वाहतील. तेव्हां उष्णतेच्या दृष्टीनें पाहतां दूरच्या मोटारीसही लहान केबल चालली असती. परंतु दुसरा नियम दाबाच्या घसरणीचा आहे. तारेचा रोध तिच्या लांबीबरोबर वाढतो. ६२० फुटांवर लहान केबल घातली तर वाटेंत सुमारें ११ व्होल्ट नाहींसे होतात. मोठी घातली तर सुमारें ७. चालत्या मोटारीस हा फरक क्षुल्लक वाटेल. पण मोटार सुरू होतांना नेहमींच्या पांच-सहा पट प्रवाह ओढते. त्या वेळीं लहान केबलींतील घसरण तीस व्होल्टांच्या घरांत जाते, आणि मोटारीची पीळशक्ति दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत घटते. म्हणजे दाब शेंकडा आठ कमी झाला तर पीळ शेंकडा पंधरा कमी होतो. भरल्या यंत्रास हलविणें अशानें जड जातें. वहीच्या अज्ञात लेखकानें हा विचार केला होता, हें त्या दोन ओळींवरून स्पष्ट होतें.

तिसरा नियम पैशाचा. विल्यम टॉमसन (पुढें लॉर्ड केल्विन) यांनीं तो १८८१ मध्यें यॉर्क येथें भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या सभेंत मांडला. जाड तार महाग पडते, परंतु तिच्यांत वीज कमी वायां जाते. बारीक तार स्वस्त, पण तिचा तोटा वर्षानुवर्षें चालतो. तांब्यांत गुंतलेल्या भांडवलाचें वार्षिक व्याज व वायां जाणाऱ्या विजेची वार्षिक किंमत हीं दोन्हीं सारखीं होतील ती जाडी सर्वांत किफायतशीर, असा तो सिद्धांत आहे. यांतील मर्म असें कीं, योग्य जाडी हा केवळ पदार्थविज्ञानाचा प्रश्न नसून व्याजदराचाही आहे. व्याज महागलें कीं केबल बारीक होते, वीज महागली कीं ती जाड होते. यास्तव गिरणीच्या केबलींची यादी ही त्या काळच्या पैशाच्या भावाचीही अप्रत्यक्ष साक्ष असूं शकते. अर्थात् उष्णतेची व घसरणीची मर्यादा ओलांडून केल्विनचा नियम लागूं करतां येत नाहीं. तीनही हिशोब करून त्यांत जी जाडी सर्वांत मोठी येईल ती घ्यावयाची, हा परिपाठ आजतागायत चालू आहे. त्यांत आणखी एक हिशोब मिळविला पाहिजे : कोठें तारा एकमेकींस चिकटून अपघाती प्रवाह वाहूं लागला, तर तो तोडला जाईपर्यंतच्या अल्प काळांत केबल जळूं नये.

४. वेष्टनाचा इतिहास

तांबें सर्वांस दिसतें, वेष्टन दिसत नाहीं. आणि केबल मरते ती बहुधा वेष्टनानें. तारायंत्राच्या केबलींस प्रथम गटापर्चा नांवाच्या मलायी झाडाच्या चिकाचें वेष्टन असे. १८७० मध्यें सुएझहून एडनमार्गें मुंबईस समुद्रांतून जी तार आली तीही गटापर्चाचीच. परंतु हा चीक उष्णतेनें मऊ होतो, म्हणून यंत्रें चालविण्याजोग्या जड प्रवाहास तो निरुपयोगी ठरला. एडिसननें १८८२ मध्यें न्यूयॉर्क येथें पर्ल स्ट्रीटच्या वीजघरापासून ज्या वाहिन्या टाकल्या त्या तांब्याच्या कांबी होत्या. त्यांस दोर गुंडाळून लोखंडी नळींत घातलें होतें व वर डांबरासारखें मिश्रण ओतलें होतें.

खरी क्रांति केली ती कागदानें. सेबास्टियन फेरांटी यांनीं लंडनजवळ डेप्टफर्ड येथें वीजघर उभारून १०,००० व्होल्टांच्या दाबाची वीज शहरांत नेण्याचा संकल्प केला. त्या दाबास पुरी पडणारी केबल बाजारांत मिळेना. म्हणून त्यांनीं स्वतः तांब्याच्या एकांत एक बसणाऱ्या नळ्या करून मध्यें मेणांत भिजविलेला कागद गुंडाळला. ती सुरक्षित आहे हें पटविण्यासाठीं चालू वाहिनींत लोखंडी छिनी ठोकविण्यांत आली, व छिनी धरणारा मनुष्य सुखरूप राहिला. बाहेरची नळी जमिनीशीं जोडलेली असल्यामुळें छिनी दोहोंस शिवतांच प्रवाह जमिनींत गेला. हा १८९० च्या सुमाराचा प्रकार. ज्या वस्तूवर आम्ही पोथ्या लिहितों व जी पाण्याच्या थेंबानें खराब होते, ती वस्तु तेलांत मुरवून शिशांत बंद केली असतां दहा हजार व्होल्ट अडवून धरते, हें पोथ्यांच्या संग्राहकांस विशेष वाटेल. दोन्हीकडे शत्रु एकच आहे, तो म्हणजे ओल. शिशाचें आवरण ओल आंत येऊं देत नाहीं. तें एकदां चिरलें कीं कागद भिजतो व केबल संपते.

कागदी केबलीचा आणखी एक दोष बहुमजली गिरणींत प्रकट होई. केबल उभी टांगली म्हणजे कागदांत मुरविलेलें तेलकट मिश्रण हळूहळू खालीं झिरपे. वरचा भाग कोरडा पडून तेथेंच ती फुटे, आणि खालच्या टोंकास तेल गळे. न झिरपणाऱ्या मिश्रणाच्या केबली प्रचारांत आल्यावर हा दोष गेला. आमच्या वहींत कांहीं ओळींपुढें 'उभी' असा शब्द आहे. प्रथम तो आम्हीं यंत्राचें वर्णन समजलों होतों. आतां असें दिसतें कीं, उभ्या टांगलेल्या केबलींकडे अधिक लक्ष द्यावें यासाठीं ती खूण केलेली आहे.

पुढें कागदाची जागा कृत्रिम पदार्थांनीं घेतली. पी.व्ही.सी. हें वेष्टन १९३० नंतर जर्मनींत पुढें आलें व महायुद्धानंतर सर्वत्र पसरलें. त्यांतील तांबें ७० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापलें तरी चालतें. एक्स.एल.पी.ई. म्हणजे रेणूरेणूंत आडवे दुवे जोडलेलें पॉलिथिलीन. तें १९६० नंतरच्या दशकांत प्रचारांत आलें व ९० अंशांपर्यंत टिकतें. म्हणून त्याच जाडीच्या तारेंतून अधिक प्रवाह नेतां येतो. याच सुमारास आपल्या देशांत तांब्याची टंचाई असल्यामुळें ॲल्युमिनियमच्या केबली रूढ झाल्या. त्या हलक्या व स्वस्त, परंतु त्यांचा रोध तांब्याच्या सुमारें १.६ पट असल्यामुळें त्या जाड घ्याव्या लागतात.

५. समुद्रांतील तारेचें गणित गिरणींत

येथवरचा इतिहास आम्हांस वहीनें शिकविला. पुढचा भाग एका अपघातानें शिकविला. आमचा एक जुना विद्यार्थी इचलकरंजीकडील एका सूतगिरणींत विजेचें काम पाहतो. त्या गिरणींत मोटारींची गति कमीजास्त करण्यासाठीं नवीन ड्राइव्ह बसविले, मात्र केबली जुन्याच ठेवल्या. ड्राइव्हपासून मोटारीपर्यंतचें अंतर सुमारें ७० मीटर होतें. वर्षाच्या आंत चार मोटारींचीं वेटाळीं जळालीं, आणि दोन मोटारींच्या बेअरिंगांवर धुण्याच्या फळीसारखे बारीक आडवे वळ उठले. प्रवाह मोजला तर तो मर्यादेंत, केबल हातास थंड, दाबाची घसरण अल्प. तीनही जुने हिशोब निर्दोष असून मोटारी मरत होत्या. त्यासाठीं एका गरीब जॉबरावर हयगयीचा ठपका ठेवून त्याला कामावरून काढलें, हें आमच्या विद्यार्थ्यानें मोठ्या खेदानें सांगितलें.

याचें मूळ अटलांटिक महासागरांत आहे, असें म्हटल्यास वाचकांस आश्चर्य वाटेल. १८५८ मध्यें आयर्लंड व न्यूफाउंडलंड यांमध्यें जी पहिली तार टाकली, तींतून ९८ शब्दांचा राणीचा संदेश जाण्यास सुमारें १६ तास लागले. दाब वाढविल्यानें संदेश जलद जाईल, असें समजून तारेवर सुमारें दोन हजार व्होल्ट लादण्यांत आले व कांहीं आठवड्यांतच ती निकामी झाली. टॉमसन यांनीं आधींच, १८५४ मध्यें, दाखविलें होतें कीं लांब केबल ही नुसती वाट नसून स्वतः विजेचा सांठा करणारी वस्तु आहे. ऑलिव्हर हेविसाइड यांनीं तें गणित पूर्ण केलें. त्याचा निष्कर्ष असा : केबलींतून वीज लाटेसारखी जाते, आणि तिच्या टोंकास केबलीहून पुष्कळ अधिक रोध करणारी वस्तु भेटली, तर लाट तेथून परत फिरते व जाणारी-येणारी लाट एकमेकींत मिळून दाब जवळजवळ दुप्पट होतो.

शंभर वर्षें हें गणित गिरणीच्या विजाऱ्यास लागत नव्हतें. साध्या पुरवठ्याचा दाब सेकंदास ५० वेळां सावकाश चढतो-उतरतो. त्याच्या मानानें गिरणींतील केबल इतकी आंखूड कीं लाट दिसतच नाहीं. नवीन ड्राइव्हची गोष्ट निराळी. तो प्रथम पुरवठ्याची वीज एकदिश करतो, व आय.जी.बी.टी. नांवाच्या अर्धवाहक कळांनीं ती सेकंदास हजारों वेळां जोडून-तोडून मोटारीस देतो. या कळा १९८० नंतरच्या दशकांत निघाल्या व १९९० नंतर कारखान्यांत पसरल्या. त्यांचा दाब सेकंदाच्या एककोट्यंश भागांत पूर्ण चढूं शकतो. केबलींत लाटेचा वेग प्रकाशाच्या सुमारें निम्मा, म्हणजे सेकंदास १५ कोटि मीटर असतो. तेव्हां दाब चढेपर्यंत लाट १५ मीटर जाते. जाऊन परत यावयाचें म्हणून त्याचें निम्में, साडेसात मीटर. केबल याहून लांब झाली कीं मोटारीच्या तोंडाशीं दाब दुपटीकडे जाऊं लागतो. ४१५ व्होल्टांच्या पुरवठ्यांत एकदिश दाब सुमारें ५८७ व्होल्ट. त्याची दुप्पट पावणेबाराशें. साध्या मोटारीचें वेटाळें असा आघात सेकंदास हजारों वेळां सोसण्यासाठीं केलेलें नसतें, आणि आघाताचा मोठा वांटा पहिल्या कांहीं फेऱ्यांवरच पडतो. फेरांटी यांच्या वाहिनींतही दूरच्या टोंकाचा दाब वीजघरांतील दाबाहून अधिक भरल्याचें आढळलें होतें. त्याचें कारण अगदीं हेंच नव्हे, परंतु केबल स्वतः दाब बदलूं शकते ही सूचना तेथेंच मिळाली होती.

बेअरिंगांवरील वळांचें कारणही जुनें आहे. मोटारीच्या दांड्यांतून चोरटे प्रवाह वाहतात, हें १९२४ मध्येंच अमेरिकेंत शोधनिबंधाचा विषय झालें होतें. ड्राइव्हमुळें तीनही कलांचा मिळून दाब कोणत्याही क्षणीं शून्य राहत नाहीं. तो उरलेला दाब जमिनीकडे वाट शोधतो, व नीट वाट न मिळाल्यास बेअरिंगांतील वंगणाचा पातळ थर भेदून जातो.

यावरून ड्राइव्हच्या केबलीची लक्षणें निश्चित होतात. तिचे तीन गाभे समान अंतरावर असावेत. जमिनीची तार एका बाजूस चौथी म्हणून न ठेवतां तीन समान भागांत गाभ्यांच्या मधल्या खळग्यांत, अथवा सर्वांभोंवतीं एककेंद्र, अशी असावी. वर तांब्याचें अखंड आवरण असून तें दोन्ही टोंकांस वर्तुळाकार ग्लँडनें पूर्ण परिघावर जोडावें. शेंडीसारखा पीळ घालून एका स्क्रूखालीं दाबूं नये. वेष्टन एक्स.एल.पी.ई. चें असावें, कारण तें लाटेचे आघात पी.व्ही.सी. पेक्षां अधिक काळ सोसतें व त्यांत विजेचा सांठा कमी होतो. तथापि केवळ केबल बदलून दुप्पट दाब टळत नाहीं, हें विसरतां कामा नये. त्यास ड्राइव्ह मोटारीजवळ आणणें, किंवा लाटेचा चढ सौम्य करणारा फिल्टर बसविणें, किंवा तसा आघात सोसणारी मोटार घेणें, हेच उपाय आहेत. आमच्या विद्यार्थ्याच्या गिरणींत फिल्टर व नव्या केबली या दोहोंनीं काम भागलें. काढलेला जॉबर मात्र परत आला नाहीं.

६. संग्राहकांस विनंति

या सर्व विवेचनावरून जुने कागद वाचणारास तीन खुणा मिळतात. १९/.०८३ अशी मांडणी असल्यास नोंद इंचांच्या काळांतील होय. आपल्याकडे दशमान मापांचा कायदा १९५६ मध्यें झाला व पुढील दशकांत चौरस मिलिमीटर रूढ झाले. 'पे. ले.' ही केबल प्रामुख्यानें पी.व्ही.सी. पूर्वींची. कागदांत ड्राइव्ह, एकदिश दाब, आवरण यांचा उल्लेख येतो तो बहुधा १९९० नंतरचा. परंतु जुनी केबल जमिनींत चाळीस वर्षें राहते, आणि तिची नोंद नवीन वहींतही उतरविली जाते. म्हणून काळ ठरवितांना जुन्या केबलीच्या नोंदीवर न जातां, नव्यानें टाकलेल्या केबलीच्या नोंदीवर विसंबावें. या कसोटीनें आमची वही १९१५ नंतरची व १९६० पूर्वींची ठरते. याहून सूक्ष्म निर्णय करण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. भिऱ्याच्या वीजघरासाठीं मुळशीस धरण बांधावयाचें ठरलें, तेव्हां मावळांतील शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखालीं जाणार म्हणून १९२१ मध्यें सत्याग्रह सुरू झाला, व सेनापति बापटांनीं त्यासाठीं कारावास भोगला. ती बाजू आपल्या इतिहासांत लिहिली गेली आहे, व तें योग्यच झालें. त्या विजेच्या दुसऱ्या टोंकास जीं माणसें उभीं होतीं त्यांचा इतिहास १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपाच्या संदर्भांत तेवढा सांगितला जातो. मधलें तांबें, म्हणजे मावळांतील पाणी व परळची माणसें यांस जोडणारा दुवा, भंगाराच्या भावानें विकला गेला. केबली कापून, वेष्टन जाळून तांबें काढलें गेलें. वह्या तर त्याहूनही स्वस्त. त्या वह्यांत कोणी तरी, बहुधा फार न शिकलेल्या मनुष्यानें, उष्णता, अंतर व उभा चढ यांचा विचार करून प्रत्येक मोटारीस तिच्या योग्यतेची केबल नेमून दिली होती. त्याचें नांव फाटलेल्या पानांबरोबर गेलें.

म्हणून आमची संग्राहकांस विनंति आहे कीं, गिरण्यांचे कागद निवडतांना केवळ मालकांचीं पत्रें व सुबक शिक्के पाहूं नयेत. मोटारींच्या याद्या, कोठाराच्या चिठ्ठ्या, केबली विकणाऱ्यांचीं जुनीं दरपत्रकें, आणि जमल्यास केबलीचा वीतभर तुकडा, आवरणें दिसतील असा कापून, जपून ठेवावा. तुकड्यावर तो कोठें सांपडला तें लिहून बांधावें. स्थळ न कळणारा तुकडा हा स्थळ न कळणाऱ्या नाण्याइतकाच मुका असतो.

प्रस्तुत वही आम्हीं स्वच्छ करून, कागदाची दुरुस्ती करवून, जतन केली आहे. मूळ संग्राहकास आमची चूक व तिची दुरुस्ती दोन्ही कळविलीं असून त्यांनीं आपल्या यादींतील नोंद उदारपणें बदलली आहे. आतां तेथें 'सुताच्या भावाचा हिशोब' हे शब्द खोडून 'मोटारी व केबलींची नोंदवही' असें लिहिलेलें आहे. खोडलेले शब्द वाचतां येतील असेच ठेवावे, अशी विनंति आम्हींच केली होती.